हेस्टिंग्जचा तो डाव आणि सुलतान खान

१९३० च्या डिसेंबरअखेरीस इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या हेस्टिंग्ज या गावात नेहमीप्रमाणे नाताळची बुद्धिबळ स्पर्धा भरली. शाळेच्या पुस्तकात हे नाव १०६६ च्या लढाईमुळे येतं. बुद्धिबळवाल्यांना मात्र ते वेगळ्या कारणाने ठाऊक आहे. १८९५ मध्ये इथे त्या काळातले जवळपास सगळे मातब्बर खेळाडू एकत्र आले होते, आणि १९२० पासून दर नाताळात इथे पट मांडले जाऊ लागले. बाहेर थंडगार समुद्रवारा आणि आत घड्याळांची टिकटिक, अशी ही स्पर्धा.

त्या वर्षी मुख्य गटात क्युबाचे होझे राऊल कापाब्लांका होते. १९२१ ते १९२७ या काळात ते जगज्जेते होते. १९१६ ते १९२४ अशी तब्बल आठ वर्षं त्यांनी एकही महत्त्वाचा डाव गमावला नव्हता. अख्ख्या कारकिर्दीत स्पर्धांमध्ये हरलेले त्यांचे डाव मोजले तर पन्नासदेखील भरत नाहीत. अलेखाइनने जगज्जेतेपद हिरावून घेतलं होतं खरं, पण कापाब्लांका हरले अशी बातमी आली की लोक आधी ती खोटी समजत.

त्यांच्यासमोर पांढरी मोहरी घेऊन बसले होते पंजाबच्या शाहपूर जिल्ह्यातल्या मिठा टिवाणा गावचे सुलतान खान. डोक्यावर फेटा, वय सत्तावीसच्या आसपास. आज आपण ज्या नियमांनी बुद्धिबळ खेळतो, त्या नियमांशी त्यांची नीट ओळख होऊन जेमतेम चार-पाच वर्षं झाली होती. ६५ चालींनंतर कापाब्लांकांनी डाव सोडला.

हा डाव बुद्धिबळाच्या बहुतेक सगळ्या संग्रहांत आहे. खेळणाऱ्या माणसाविषयी मात्र जे छापलं गेलं, त्यात अर्धी दंतकथा आहे. ती दंतकथा इंग्रजांनी रचली, अमेरिकनांनी रंगवली, आणि आता व्हॉट्सअ‍ॅपवर आपणच ती पुढे ढकलतो आहोत. 'अनपढ मुसलमान नौकराने गोऱ्यांच्या बादशहाला हरवलं' असा मजकूर तुमच्याकडेही कधीतरी आला असेल. म्हणून आधी डाव पाहू, मग माणूस.

पण डावाच्याही आधी नियमांबद्दल थोडं सांगायला हवं, नाहीतर त्या डावातली खरी गंमत कळणार नाही.

बुद्धिबळ हिंदुस्थानात जन्मलं, इराणात वाढलं, बगदादच्या अब्बासी दरबारात त्याच्यावर ग्रंथ लिहिले गेले आणि तिथून ते युरोपात गेलं. मराठीत आपण सहज म्हणतो 'शह दिला', 'मात केली', 'शह-काटशहाचं राजकारण'. हे शब्द फारसी-अरबीतून आलेले आहेत, हे बोलताना कुणाच्या लक्षातही येत नाही. 'वजीर' आणि 'प्यादं' हेही तिथलेच. युरोपात पोचल्यावर वजिराची राणी झाली, तिची ताकद वाढली, प्याद्याला पहिल्या चालीत दोन घरं पुढे जायची मुभा मिळाली आणि किल्लेकोट आला. हिंदुस्थानात मात्र विसाव्या शतकातही गावोगावी जुनी पद्धत चालू होती. प्यादं एका वेळी एकच घर सरकायचं. किल्लेकोट नव्हता, त्याऐवजी राजाला डावात एकदा घोड्यासारखी अडीच घरांची उडी मारता यायची. प्यादं शेवटच्या घरात पोचलं की ते ज्या मोहऱ्याच्या ओळीत पोचलं तेच मोहरं व्हायचं, हवं ते नाही. प्रांताप्रांतात यात थोडाफार फरक असे.

सत्यजित राय यांच्या 'शतरंज के खिलाड़ी' या १९७७ च्या चित्रपटात या फरकावर एक छान प्रसंग आहे. दोन लखनवी रईसांना कुणीतरी इंग्रजी नियम समजावून सांगतं, आणि शेवटी अवध गेल्यावर ते त्याच नियमांनी डाव मांडतात. प्रेमचंदांच्या मूळ कथेने आणि या चित्रपटाने एक गोष्ट मात्र आपल्या डोक्यात पक्की बसवली. मुसलमान आणि बुद्धिबळ म्हटलं की डोळ्यांसमोर हुक्का ओढणारा, राज्य बुडताना पटावर डोकं घालून बसलेला नवाब येतो. मिठा टिवाण्याचा हा माणूस त्या चित्रात कुठेच बसत नाही.

हिंदी पद्धतीत सुरुवात संथ असते. प्यादी एकेक घर सरकतात, दोन्ही बाजू आधी आपापली घरं बांधून घेतात, आणि खरी झुंज उशिरा सुरू होते. या पद्धतीत वाढलेल्या खेळाडूला धीर असतो, बंदिस्त पटावर वाट काढायची सवय असते आणि शेवटच्या टप्प्यातला हिशेब पक्का असतो. पण पहिल्या दहा-पंधरा चालींत युरोपियन खेळाडू पुस्तकातून पाठ करून आलेला असतो आणि हा मात्र स्वतःच्या डोक्याने वाट शोधत असतो. सुलतान खान यांची आयुष्यभराची अडचण हीच होती.

लहानपणी, वयाच्या नवव्या वर्षाच्या सुमारास, वडिलांनी त्यांना हिंदी बुद्धिबळ शिकवलं. विशीत ते पंजाबात नावाजले. कालरा इस्टेटचे मालक सर उमर हयात खान टिवाणा यांनी त्यांना आपल्याकडे बोलावलं आणि पाश्चात्त्य नियम शिकवण्याची सोय केली. १९२८ मध्ये दिल्लीला झालेल्या अखिल भारतीय स्पर्धेत सुलतान खान यांनी नऊ डावांत साडेआठ गुण मिळवले. म्हणजे आठ विजय आणि एक बरोबरी. १९२९ च्या वसंतात सर उमर त्यांना घेऊन लंडनला गेले. तिथे सरावासाठी एक छोटी स्पर्धा ठेवली, तर हे तळाला राहिले. विल्यम विंटर आणि फ्रेडरिक येट्स या दोन इंग्रज खेळाडूंनी त्यांना उन्हाळाभर शिकवलं. आणि त्याच उन्हाळ्यात रॅम्सगेटला ते ब्रिटिश विजेते झाले! ज्याला दोन महिन्यांपूर्वी सुरुवातीच्या चाली धड येत नव्हत्या, त्याने साम्राज्याचं विजेतेपद नेलं.

आता तो डाव.

सुलतान खान यांनी पहिल्या चालीत राजाकडचा घोडा बाहेर काढला, मग वजिरापुढचं प्यादं, मग त्याच्या शेजारचं. पाचव्या चालीला त्यांनी पटाच्या डाव्या कडेचं प्यादं एकच घर पुढे सरकवलं. पाहणाऱ्यांना ही चाल वेळकाढू वाटली असती तर नवल नव्हतं. काळ्या मोहऱ्यांना एक घर नाकारण्यापलीकडे ती काही करत नाही. पुढे तीस-पस्तीस वर्षांनी जगज्जेते झालेल्या पेट्रोस्यानने हीच कल्पना इतक्यांदा वापरली की आज ती पद्धत त्याच्या नावाने ओळखली जाते. मला मात्र त्या चालीत हिंदी बुद्धिबळातलं एका घराचं प्यादं दिसतं. अर्थात याला पुरावा काही नाही.

बाराव्या-तेराव्या चालीला त्यांनी घोडा पुढे घुसवून कापाब्लांकांचा एक उंट मारला. आता पांढऱ्याकडे दोन्ही उंट आणि काळ्याकडे एकच. पण त्याची किंमतही होती. तो घोडा मारताना काळ्याने 'सी' ओळीतलं प्यादं वापरलं, त्यामुळे ती ओळ मोकळी झाली, आणि मोकळी ओळ म्हणजे हत्तींसाठी हमरस्ता. कापाब्लांकांनी तिथे एक हत्ती आणला, मग दुसरा त्याच्यामागे लावला. दोन हत्ती एकामागे एक, समोर रस्ता सरळ पांढऱ्याच्या पहिल्या ओळीपर्यंत मोकळा. पांढऱ्याचा राजा अजून मधल्याच घरात, किल्लेकोट केलेलाच नाही. कुठल्याही क्लबातल्या खेळाडूला विचारा, तो म्हणेल काळा बरा आहे.

सुलतान खान दुसऱ्या बाजूला आपली प्यादी रेटत होते. 'एच' ओळीतलं दोन घरं, मग 'जी' ओळीतलं, मग तेच आणखी एक घर. काळ्याच्या घोड्याला मागे हटावं लागलं. एकविसाव्या चालीला त्यांनी पांढऱ्या घरांवरचा उंट अशा जागी ठेवला की तो थेट मागच्या हत्तीवर नेम धरून बसला.

इथे कापाब्लांका हत्ती मागे घेऊ शकले असते. त्यांनी तसं केलं नाही. पुढचा हत्ती त्यांनी थेट पांढऱ्याच्या पहिल्या ओळीत घालून शह दिला. हा हत्ती मारायचा मोह भयंकर आहे, आणि तोच सापळा आहे. मारला तर दुसरा हत्ती येऊन तिथेच पुन्हा शह देतो आणि मग कोपऱ्यातला पांढरा हत्ती फुकट जातो. सुलतान खान यांनी मारला नाही. राजा एक घर तिरका पुढे घेतला. कापाब्लांकांनी दुसऱ्या हत्तीने पुन्हा शह दिला आणि पांढऱ्याच्या वजिराला धरलं. पांढऱ्याने वजिराने एक हत्ती मारला, काळ्याने वजीर मारला, राजाने दुसरा हत्ती मारला. धुरळा खाली बसला तेव्हा काळ्याकडे वजीर होता आणि पांढऱ्याकडे त्याच्या बदल्यात दोन हत्ती.

हिशेबाने हा सौदा जवळपास सारखा असतो. एका वजिराची किंमत साधारण नऊ प्यादी आणि दोन हत्तींची दहा. पण कापाब्लांकांचा अंदाज वेगळा होता, असं दिसतं. मोकळ्या पटावर एकटा वजीर चारही बाजूंनी शह देत फिरतो, प्यादी टिपतो आणि समोरच्याचा जीव नकोसा करतो. त्यांच्या वजिराने लगेच पांढऱ्याच्या गोटात धडक मारलीही. पण तिथे टिपण्यासारखं काहीच नव्हतं. प्रत्येक प्यादं कशाने ना कशाने राखलेलं, राजा आपल्याच मोहऱ्यांच्या आडोशाला, आणि मधली प्यादी अशी अडकलेली की पट मोकळा होतच नाही. त्यात ज्या 'सी' ओळीच्या जोरावर काळा फुशारत होता, तिथे आता काळ्याचा एकही हत्ती उरला नव्हता. पांढऱ्याचे दोन होते. ते एकेक करून तिकडे सरकले.

पुढच्या चाळीस चाली वाचताना कुणाला कंटाळा येईल. एकही चाल 'वा!' म्हणावी अशी नाही. हत्ती इकडे, उंट तिकडे, राजा एक घर, प्यादं एक घर. वजीर पिंजऱ्यातल्या वाघासारखा घिरट्या घालतो आणि दर दोन-तीन चालींनी पिंजरा थोडा लहान होतो. शेवटच्या टप्प्यात कापाब्लांकांइतका सफाईदार खेळाडू जगात दुसरा नव्हता, असं तेव्हाही म्हणत आणि आजही म्हणतात. त्याच टप्प्यात, त्यांच्याच हातातली हत्यारं वापरून, सुलतान खान यांनी त्यांना हळूहळू बांधून टाकलं. दहा चालींत चकमकीने हरणं वेगळं. असं ६५ चालींपर्यंत दाबून हरवलं जाणं कापाब्लांकांच्या वाट्याला फार कमी वेळा आलं असेल.

स्पर्धा डच खेळाडू मॅक्स युवे यांनी जिंकली. कापाब्लांका दुसरे आणि सुलतान खान तिसरे. पुढे कापाब्लांकांनी सुलतान खान यांच्याबद्दल जे लिहिलं त्यात कडवटपणा नाही. सुरुवातीच्या चालींचं शास्त्र ठाऊक नसताना, भाषेची अडचण असताना या माणसाने इंग्लंडचं विजेतेपद मिळवलं, ही अलौकिक प्रतिभाच म्हणावी लागेल, अशा अर्थाचा अभिप्राय त्यांनी दिला.

ज्या आठवड्यात हा डाव झाला तो आठवडा जरा बाहेर येऊन पाहू. लंडनमध्ये पहिली गोलमेज परिषद चालू होती. जिना, आगाखान, डॉ. आंबेडकर तिथे होते. काँग्रेस नव्हती, गांधीजी येरवड्याच्या तुरुंगात होते. २९ डिसेंबरला अलाहाबादला मुस्लिम लीगच्या व्यासपीठावरून इक्बाल यांनी ते गाजलेलं भाषण केलं. ४ जानेवारी १९३१ ला मौलाना मुहम्मद अली जौहर यांचं लंडनमध्येच निधन झालं. आणि १२ जानेवारीला येरवड्यात सोलापूरच्या मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकृष्ण सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन या चौघांना फाशी दिलं गेलं. कुर्बान हुसेन सोलापूरच्या गिरणी कामगारांत वावरणारे, 'गझनफर' हे पत्र चालवणारे तरुण.

एकाच पंधरवड्यात एक मुसलमान तरुण साम्राज्याचा विजेता म्हणून हेस्टिंग्जला पटावर बसतो आणि दुसरा त्याच साम्राज्याविरुद्ध उभा राहिला म्हणून येरवड्याला फासावर जातो. या दोघांना तराजूत घालायचं कारण नाही. सुलतान खान यांनी राजकारणावर काही म्हटल्याचं माझ्या वाचनात नाही, आणि त्यांचे आश्रयदाते राजकारणात कुठे होते ते मात्र सर्वांना माहीत आहे. सर उमर हयात खान इंग्रज सरकारचे पक्के निष्ठावंत, सैन्यातले मानाचे कर्नल, पंजाबातल्या बड्या जमीनदारांपैकी एक. लंडनला ते भारतमंत्र्यांच्या कौन्सिलवर नेमले गेले होते, म्हणूनच त्यांचा तिथे मुक्काम होता. त्यांचे चिरंजीव खिज्र हयात पुढे पंजाबचे पंतप्रधान झाले. फाळणीला विरोध करत करत मार्च १९४७ मध्ये त्यांनी राजीनामा दिला. पण तो वेगळाच विषय आहे.

तर मग सुलतान खान सर उमर यांचे कोण होते?

इंग्रजी पुस्तकं सरळ 'नोकर' म्हणतात, काही तर 'गुलाम' म्हणतात. याला मुख्य आधार अमेरिकन खेळाडू रूबेन फाइन यांची एक आठवण आहे. १९३३ च्या ऑलिम्पियाडच्या वेळी अमेरिकन संघाला सर उमर यांच्या लंडनच्या घरी जेवायला बोलावलं होतं. ज्याचा मान म्हणून आपण आलो, तो श्रेष्ठ खेळाडूच ताटं वाढतो आहे, हे पाहून आम्हाला फार अवघडल्यासारखं झालं, असं फाइन लिहितात. गोष्ट चटका लावणारी आहे, म्हणून ती प्रत्येक जण उचलतो. पण फाइन त्याच आठवणीत यजमानाला 'महाराजा' म्हणतात. सर उमर कुठल्याही संस्थानाचे राजे नव्हते. ज्याला जमीनदार आणि महाराजा यांतला फरक कळत नाही, त्याला पंजाबी घरात पाहुण्यांना वाढणारा माणूस नोकर की घरचा, हे नक्की कळलं असेल का? आपल्याकडे दावत असली की घरचे तरुणच दस्तरखानावर वाढतात, आणि पाहुणा मोठा असला तर यजमान स्वतः वाढतो.

२०२० मध्ये 'भारतीय नोकर' असा उल्लेख शीर्षकात असलेलं इंग्रजी पुस्तक आलं तेव्हा सुलतान खान यांच्या मुलाने आणि नातीने जाहीर हरकत घेतली. त्यांचं म्हणणं असं की ते घराणं अवान बिरादरीतलं, पीर आणि जमीनदारांचं. ते नोकर नव्हते, निरक्षरही नव्हते.

घरच्यांचा राग मला समजतो. तरी त्यांच्या उत्तरातली एक गोष्ट खटकते. 'नोकर नव्हते, पीरांच्या घराण्यातले होते' असं म्हणताना नोकर असणं ही लाजेची बाब ठरते. समजा, असते ते नोकर. मग त्या ६५ चाली कमी प्रतीच्या झाल्या असत्या का? मशिदीत एका रांगेत उभं राहायचं आणि बाहेर येऊन हसब-नसब विचारायचा, ही सवय आपल्या समाजात किती खोल आहे ते वेगळं सांगायला नको. इंग्रजांना 'अनपढ नोकर' हवा होता कारण त्यात चमत्काराची चव आहे. आपल्याला 'खानदानी' हवा आहे कारण त्यात अब्रू आहे.

खरं नातं या दोन्ही शब्दांत मावत नाही. मराठीत त्याला नेमका शब्द आहे, आश्रय. शाहू महाराजांनी कोल्हापुरात पैलवान सांभाळले, उस्ताद अल्लादिया खाँ यांना दरबारी गवई म्हणून ठेवलं. गामा पैलवानाला पतियाळाचा आश्रय होता. अल्लादिया खाँ कोल्हापूरचे नोकर होते का? पगार घेत होते, हुकूम पाळत होते, आणि तरीही उस्ताद होते. सुलतान खान यांची जागा त्याच परंपरेतली दिसते. आश्रयात मान असतो, पोटाची ददात नसते. पण कुठे जायचं, कधी जायचं आणि कधी परत फिरायचं, हे आश्रयदाता ठरवतो. युरोपातल्या खेळाडूंना भाकरीची चिंता होती. येट्स यांच्यासारख्यांनी अक्षरशः हलाखीत दिवस काढले, पण पुढच्या स्पर्धेला जायचं की नाही हे ते स्वतः ठरवत.

सुलतान खान यांची इंग्लंडमधली वर्षं तुकड्यातुकड्यांनी झाली ती यामुळेच. १९२९ च्या विजेतेपदानंतर काही महिन्यांतच ते सर उमर यांच्याबरोबर हिंदुस्थानात परतले, १९३० च्या मे महिन्यात पुन्हा गेले. त्याच वर्षी लीएज इथे टार्टाकोव्हर यांच्या मागोमाग दुसरे आले, आणि १९३१ मध्ये त्याच टार्टाकोव्हर यांना बारा डावांच्या सामन्यात हरवलं. हॅम्बुर्ग, प्राग आणि फोकस्टन अशा तीन ऑलिम्पियाडमध्ये ते इंग्लंडकडून पहिल्या पटावर खेळले. प्रागला त्यांनी फ्लोर आणि रुबिनस्टाइन यांना हरवलं, खुद्द जगज्जेते अलेखाइन यांना बरोबरीत रोखलं. १९३२ आणि १९३३ मध्ये ते पुन्हा ब्रिटिश विजेते झाले. हे सगळं आजारपणात. इंग्लंडची ओल त्यांना सोसत नव्हती. मलेरिया, सर्दी, घशाचे विकार पाठीशी लागलेले. अनेकदा ते गळ्याला कपडा गुंडाळून खेळायला येत.

त्यांच्या १९३३ च्या विजेतेपदाबरोबर आणखी एक नाव घ्यायला हवं, ते कुणी घेत नाही. त्याच वर्षी, त्याच हेस्टिंग्जमध्ये ब्रिटिश महिला विजेतेपद मिस फातिमा यांनी जिंकलं, आणि इतरांपेक्षा बऱ्याच गुणांनी पुढे राहून जिंकलं. त्याही सर उमर यांच्याच घरातल्या. मुसलमान मुलीने खेळावं की नाही यावर आजही आपल्याकडे वाद घालणारे आहेत. बुद्धिबळ मुळात जायज की मकरूह, यावर तर इमामांच्या काळापासून मतभेद आहेत. पैजेशिवाय असेल तर शाफिई मत सौम्य, हनफी कडक. फातिमांना या वादाने अडवलं नाही. पण त्यांच्याबद्दल एक-दोन ओळींपलीकडे काही सापडत नाही. सुलतान खान यांची निदान दंतकथा तरी झाली.

डिसेंबर १९३३ मध्ये सर उमर परतले आणि त्यांच्याबरोबर हे दोघेही. सुलतान खान यांचं वय तेव्हा तिशीचं. खेळाडूच्या बहराचा हा काळ, आणि युरोपातली त्यांची कारकीर्द तिथेच संपली. ही शोकांतिका आहे असं इंग्रजी लेखक म्हणतात. मिस फातिमांनी कित्येक वर्षांनी सांगितलेली आठवण वेगळी आहे. मायदेशी परतताना सुलतान खान यांना तुरुंगातून सुटल्यासारखं वाटलं होतं! आपण ज्याला संधी म्हणतो ती त्यांना कोंडवाडा वाटली असेल, ही शक्यता त्यांच्यावर लिहिणाऱ्या फार थोड्यांनी विचारात घेतली आहे.

परतल्यावरचा त्यांचा एक सामना मराठी वाचकांच्या जिव्हाळ्याचा आहे. १९३५ मध्ये ते व्ही. के. खाडिलकर यांच्याशी खेळले. खाडिलकर त्या काळातले आपले नामांकित खेळाडू. दहा डाव झाले, त्यातला एक बरोबरीत सुटला, उरलेले नऊ सुलतान खान यांनी जिंकले. म्हणजे मायदेशी परतून दीड-दोन वर्षं झाल्यावरही हात तसाच चालत होता. त्यानंतर ते स्पर्धांच्या पटावरून जवळजवळ नाहीसे झाले. सरगोध्याकडच्या आपल्या शेतीत रमले, संसार केला. १९४४ मध्ये सर उमर वारले. १९४७ ला सीमा आखली गेली आणि मिठा टिवाणा पाकिस्तानात राहिलं. मुलांना त्यांनी बुद्धिबळ शिकवलं नाही. आयुष्यात याहून उपयोगाचं काहीतरी करा, असं ते मुलांना सांगत. २५ एप्रिल १९६६ ला क्षयाने त्यांचं निधन झालं.

जागतिक बुद्धिबळ संघटनेने ग्रँडमास्टर हा किताब १९५० मध्ये सुरू केला, तेव्हा जुन्या जमान्यातल्या हयात खेळाडूंनाही तो दिला. सुलतान खान हयात होते, पण त्यांना तो मिळाला नाही. खेळ सोडून बरीच वर्षं झाली होती, आणि सरगोध्याच्या एका शेतकऱ्याची आठवण ठेवून शिफारस करणारा राष्ट्रीय संघही मागे नव्हता. इंग्लंडने ती केली नाही, हिंदुस्थानचा तर आता संबंधच उरला नव्हता. अखेर फेब्रुवारी २०२४ मध्ये त्यांना मरणोत्तर मानद ग्रँडमास्टर जाहीर केलं गेलं, आणि ते पाकिस्तानचे पहिले ग्रँडमास्टर ठरले. भारतात काहींनी लगेच हरकत घेतली की ते खेळले तेव्हा पाकिस्तान होतंच कुठे. खरं आहे. पण त्यांच्या तीनही ऑलिम्पियाडच्या निकालपत्रकांत देशाच्या रकान्यात हिंदुस्थानही नाही, तिथे इंग्लंड आहे.